पायडल नसलेली सायकल

सायकलचा शोध कोणी लावला, असे वर्गात विचारले की एखादा तरी हात हमखास वर होतो आणि 'मॅकमिलन' असे उत्तर येते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांची ही कृपा! स्कॉटलंडमधील या लोहाराच्या वतीने दावा केला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, १८९० च्या दशकात, आणि तोही एका नातलगाकडून. भक्कम समकालीन पुरावा मात्र नाही.

पुरावा आहे तो कार्ल ड्राइसचा. हा जर्मनीतील बाडन संस्थानचा वनाधिकारी. १२ जून १८१७ रोजी मानहाइम शहरातून तो आपल्या लाकडी दुचाकीवर निघाला आणि जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरची रपेट तासाभराच्या आत आटोपून परतला. त्या गाडीला ना पायडल, ना साखळी. एकामागे एक दोन चाके, मध्ये बैठक, पुढचे चाक वळवायला दांडा. बसल्या बसल्या पायांनी जमीन रेटायची! आज हसू येते. पण एकामागे एक असलेल्या दोन चाकांवर माणूस तोल सांभाळू शकतो, हे त्यानेच दाखवून दिले. तोल जाऊ लागला की पुढचे चाक त्या बाजूला वळवायचे, हे मर्म तेव्हाच हाती आले होते.

१८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच पडला नाही, पिके बुडाली. ओट महागले, घोडे पोसणे जड झाले आणि त्यातून बिनघोड्याच्या वाहनाची कल्पना सुचली, असे काही अभ्यासक मांडतात. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

१८१८ मध्ये ड्राइसला पेटंट मिळाले, पैसा नाही. पदपथावर ही गाडी चालवायला मानहाइममध्ये बंदीच आली. १८४९ च्या उठावात लोकशाहीवाद्यांची बाजू घेऊन त्याने सरदारकीचा किताब टाकला. उठाव चिरडला गेल्यावर त्याचे निवृत्तिवेतन जप्त झाले. १८५१ मध्ये तो दारिद्र्यात वारला.

पुढचे सारे भराभर घडले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग वेगाच्या हव्यासापायी ते चाक छातीएवढे उंच झाले आणि स्वार तोंडघशी पडू लागले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला.

त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान थाटले. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा तो व्यवसाय. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर हे नंतरचे.