माळ्याची कुंडी



कृत्रिम दगडाच्या हलक्या कुंड्या दिसावयास दगडी, पण उचलावयास सोप्या असतात. वस्तु क्षुल्लक वाटते. तथापि आधुनिक नगरांतील पूल व इमले ज्या विद्येवर उभे आहेत, तिच्या उगमापाशीं अशीच एक कुंडी आहे.

जोझेफ मोन्ये हा फ्रेंच माळी. त्याचा जन्म १८२३ सालीं, कुंभारकामासाठीं प्रसिद्ध असलेल्या सँ-कांतँ-ला-पोतरी या गांवीं झाला. पुढें तो पॅरिसच्या उद्यानांत काम करूं लागला. तेथें नारिंगाचीं झाडें कुंड्यांत लावीत आणि हिंवाळ्यांत तीं कुंड्यांसह उचलून आंत नेत. मातीची कुंडी फुटे, लाकडी कुजे, दगडी जागची हलत नसे. सिमेंटची जाड केली तर जड होई, पातळ केली तर तडके. मोन्येनें लोखंडी जाळीचा सांगाडा करून त्यावर सिमेंटचा थर चढविला व १६ जुलै १८६७ रोजीं या युक्तीचें पेटंट घेतलें. लांबो नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें अशाच रीतीनें केलेली नाव १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडली होती. पण ही रीति नाना कामांत रुजविली ती या माळ्यानें.

यांतील मर्म असें, कीं सिमेंट दाब सोसतें, पण ताण सोसत नाहीं. लोखंड ताण सोसतें. उष्णतेनें दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणांत प्रसरण पावतात, म्हणून त्यांची फारकत होत नाहीं. कुंडीमागून नळ, हौद व भिंतींचे तक्ते आले. १८७५ सालीं शाझले येथें मोन्येच्या पद्धतीचा पूल झाला. तो आजही उभा आहे. पुढें जर्मन अभियंत्यांनीं या पद्धतीचें गणित बसविलें व तिचा प्रसार केला. मोन्येचें मात्र १८८८ सालीं दिवाळें निघालें, आणि १९०६ सालीं तो दारिद्र्यांत वारला.

विसाव्या शतकांत इंग्लंडमधील बागवानांनीं निराळी वाट धरली. डोंगरी फुलझाडांसाठीं ते गुरांचीं जुनीं दगडी डोणीं वापरीत. तीं दुर्मिळ होतांच एक भाग सिमेंट, एक भाग वाळू व दोन भाग पीट, म्हणजे दलदलींतील कुजलेल्या शेवाळाची हलकी माती, कालवून ते तशींच डोणीं घडवूं लागले. या मिश्रणास हायपरटुफा म्हणतात. आज वाळूऐवजीं परलाइट व पीटऐवजीं नारळाच्या काथ्याचा भुसाही घालतात. त्यामुळें वजन आणखी घटतें.

सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. म्हणून अशी कुंडी कांहीं आठवडे ओल्या गोणपाटाखालीं ठेवावी. नंतर तिच्यांतील क्षार वारंवार पाण्यानें धुवून काढावा. नाहींतर तो मुळांस बाधतो. हात घालण्यापूर्वीं रबरी मोजे चढवावे.

पूल बांधणारांचीं नांवें शिलालेखावर कोरलीं जातात. पण ज्या माळ्यानें केवळ झाड सुखरूप हलावें म्हणून विचार केला, त्याचें नांव क्वचितच कोणी घेतो. तें आज आपल्या कानीं घालावें, एवढाच या भाषणाचा हेतु होता.