दात आणि दाढांमधली मोकळी जागा

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यामध्ये काही बोटं हिरडी मोकळी असते. माणसाने लगामाची आडवी दांडी बसवली ती नेमकी या जागेत. आधी दोर, हाड, शिंग वापरून पाहिलं, पुढे कांसं आणि लोखंड आलं. नाजूक हिरडीवर आणि जिभेवर टेकलेल्या या दांडीमुळे, तिला जोडलेल्या आणि स्वाराच्या हातात असलेल्या पट्ट्यांच्या, म्हणजे वाद्यांच्या, हलक्याशा ओढीनेही चारशे-पाचशे किलोचं जनावर वळतं. इंग्रजीत दांडीचं नाव ‘बिट’. त्या भाषेतले कितीतरी वाक्प्रचार तिच्याभोवतीच जन्मले.

धावायला आतुर झालेला घोडा थोपवून धरला की दांडी चघळत राहतो. अधीर माणसासाठी ‘चॅम्पिंग ॲट द बिट’ म्हणतात ते त्यावरून. एखादा हट्टी घोडा दांडी मागे सरकवून दाढांत घट्ट धरतो. मग ओढ हिरडीपर्यंत पोचतच नाही आणि स्वार हतबल होतो. ‘बिट दातांत धरणं’ म्हणजे पूर्वी बेबंदपणा होता. आज अवघड काम जिद्दीने अंगावर घेणाऱ्यालाही इंग्रज तेच म्हणतो.

‘कर्ब’ची करामत जबड्याबाहेरची. या लगामात दांडीच्या दोन्ही टोकांना खाली उतरणारे दांडे असतात आणि हनुवटीखालून पट्टा किंवा साखळी जाते. वाद्या ओढल्या की दांडे तरफेसारखे फिरतात, साखळी आवळते आणि घोडा मान दुमडून थांबतो. १५ व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द त्या पट्ट्यासाठी इंग्रजीत आला; १६ व्या शतकात त्याला ‘आवरणं’ हा अर्थ मिळाला. आज महागाईही ‘कर्ब’ केली जाते. मराठीत आपण तिला लगाम घालतो.

१९ व्या शतकातल्या शर्यतींनी ‘हँड्स डाऊन’ दिलं. बराच पुढे गेलेला जॉकी घोड्याला आणखी न पिटाळता हात खाली सोडून वाद्या सैल करी. अशा निर्धास्त विजयाचं ते वर्णन.

या साऱ्यांत मोलाचा मला ‘फ्री रेन’, म्हणजे मोकळी वादी, वाटतो. अवघड उतारावर जाणता स्वार वाद्या सैल सोडतो, कारण पाय कुठे टाकायचा हे घोड्यालाच अधिक कळतं. हल्ली अनेकजण यातला ‘रेन’ राज्य या अर्थाच्या स्पेलिंगने लिहितात. उच्चार तोच, पण विश्वासाने दिलेल्या मोकळिकीची जागा बेलगाम सत्तेने घेतली. सैल सोडलेल्या वाद्या स्वाराच्या हातातच असतात. जो मोकळीक देतो, त्याची जबाबदारी संपत नाही, हे मूळ वाक्प्रचाराला पक्कं ठाऊक होतं.