मिझुसावाचे ‘सदोष’ वेध

जपानच्या अर्वाचीन खगोलशास्त्राचा इतिहास बहुधा पाश्चात्त्यांच्या अनुकरणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस हे मत अपुरे वाटते. इ. स. ८६२ पासून जपानात चालत आलेले चिनी पंचांग शिबुकावा हारुमी यांनी १६८४ मध्ये स्वतः वेध घेऊन बदलविले होते. पुढे मेइजी राजवटीने १८७३ पासून ग्रेगरियन पंचांग स्वीकारले आणि १८८८ मध्ये तोक्योची वेधशाळा उभी राहिली. शिष्यत्व पत्करले हे खरे; परंतु शिष्याची परीक्षा पुढेच होती.

पृथ्वीच्या ध्रुवांचे सूक्ष्म चलन मोजण्यासाठी १८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय अक्षांश सेवा सुरू झाली. ३९ अंश ८ कला या एकाच उत्तर अक्षांशावर सहा ठिकाणे निवडली गेली : अमेरिकेत तीन, इटलीत व तुर्कस्तान प्रांतात एकेक, आणि सहावे जपानातील मिझुसावा. तेथील सूत्रे किमुरा हिसाशी या ऐन तिशीतील संशोधकाकडे होती.

सर्व नोंदींचे गणित जर्मनीत पोट्सडॅम येथे होई. प्रारंभीच मिझुसावाचे वेध इतरांशी जुळेनात, आणि दोष साहजिकच नवख्या जपान्यांच्या माथी आला. किमुरांनी प्रथम आपले उपकरण तपासले. ते निर्दोष निघाले. मग त्यांनी इतर ठिकाणांच्या नोंदीही पडताळल्या. ध्रुवचलनाने अक्षांशात पडणारा फरक रेखांशाप्रमाणे बदलतो. परंतु सर्वत्र एकसारखा, वर्षाच्या आवर्तनाने येणारा आणखी एक फरक त्या नोंदींत दडलेला होता. प्रचलित सूत्रातील दोन पदांना किमुरांनी १९०२ मध्ये हे तिसरे ‘झेड पद’ जोडले, आणि विसंगती मावळली. चूक वेधांत नव्हती, सूत्रात होती!

१९२२ मध्ये या सेवेचे मध्यवर्ती कार्यालयच मिझुसावास आले. झेड पदाचे कारण मात्र १९७० मध्ये, किमुरांच्या निधनानंतर सत्तावीस वर्षांनी, तेथीलच वाको यासुजिरो यांनी उलगडले. पृथ्वीच्या गाभ्याचा काही भाग द्रवरूप आहे. ती संपूर्ण घन मानून केलेले तिच्या अक्षाच्या सहामाही डोलण्याचे गणित त्यामुळे किंचित चुकत होते.

उत्तर जुळले नाही की आम्ही अध्यापक तत्काळ तांबड्या शाईची फुली मारतो. मिझुसावाची कथा वाचल्यापासून ती फुली मारताना आमचा हात क्षणभर थबकतो.