व्हाउचर आणि शेअर

सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये संपला. पुढच्या वर्षी रशियात प्रत्येकाला, तान्ह्या बाळासकट, १० हजार रूबल दर्शनी किमतीचं व्हाउचर मिळू लागलं. सरकारी कारखान्यांतला तो जनतेचा वाटा. पण महागाईने लोकांची बचत गिळली होती. अनेकांनी व्हाउचर मिळेल त्या भावाने विकलं. १९९५ मध्ये सरकारने तेल आणि निकेलच्या कंपन्यांचे शेअर बँकांकडे गहाण ठेवून कर्ज काढलं. ते फेडलं नाही आणि कंपन्या मूठभरांच्या झाल्या.

पोलंडनेही १ जानेवारी १९९० पासून भाव मोकळे केले. बेकारी वाढली, हाल झाले. पण मोठे कारखाने विकायची घाई केली नाही. आधी त्यांचे हिशेब कडक केले, छोट्या धंद्यांना वाट दिली. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेला आणि काही वर्षांतच जागतिक बँकेच्या उच्च उत्पन्न गटात पोहोचला. रशिया त्या गटात २०१३ मध्ये आला, २०१५ मध्ये बाहेर पडला, २०२४ मध्ये परत आला.

गरिबीतून वर आलेला देश मध्येच अडकतो, याला इंदरमीत गिल आणि होमी खारास यांनी २००७ मध्ये ‘मध्यम उत्पन्नाचा सापळा’ म्हटलं. मला त्यात मालकीचा प्रश्नही दिसतो.

आपल्याकडे त्याचं रूप साखर कारखान्यात दिसतं. प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेली वाट नंदुरबारपर्यंत आली. शेतकऱ्याचा शेअर, सरकारचं भागभांडवल, कर्जाला थकहमी. शहाद्याजवळ पी. के. अण्णा पाटलांनी सातपुडा कारखाना उभा केला. समशेरपूरचा पुष्पदंतेश्वर मात्र सहकारी म्हणून उभा राहिला आणि पुढे विक्रीतून खासगी झाला. राज्यात असे अनेक कारखाने थकीत कर्जापोटी विकले गेले. त्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून बरखास्त झालं.

मालक खासगी असणं हा गुन्हा नाही. पण हजारो सभासदांची वस्तू विकली जाताना भाव कोणी ठरवला, सभासदाला काय मिळालं, हे विचारणारं कोणी नसेल तर शेअरचा दाखला रशियन व्हाउचरइतकाच उरतो. वक्फच्या जमिनींनाही हेच लागू आहे: नाव समाजाचं, हिशेब कोणाकडे?

आपल्या जिल्ह्यातला मजूर अजूनही ऊसतोडीला गुजरातेत जातो. कारखाना, बाजार समिती, पतपेढी, वक्फ, ज्याचे आपण सभासद किंवा हकदार आहोत, त्याचा वार्षिक अहवाल मागून वाचा. सर्वसाधारण सभेला जा. नुसती सही करून परत येऊ नका.