जिनातल्या दाराला कुलूप कशासाठी?

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव आणि मलकापूर या कापसाच्या जुन्या बाजारपेठा. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावचा लोहमार्ग सुरू झाला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईकडे जाऊ लागला. पुढे येथे वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

यंत्राबरोबर अपघाताचे स्वरूपही बदलले. हाताने फिरवायची चरकी हात थांबला की थांबते. जिनात मात्र एकच लांब फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, पट्ट्यांच्या साहाय्याने ओळीतील सर्व रेचे चालवतो. बहुधा तो जमिनीखालच्या बोळात असतो. तेल घालायला किंवा सरकी काढायला आत गेलेल्या माणसाचे धोतर वा पदर त्यात गुंडाळला गेला, तर इंजिनाला ते कळत नाही.

अशा अपघाताची खबर कोणाला द्यायची? आपल्या देशातील पहिला कारखाने कायदा 1881 चा. यंत्रांना कुंपण घालणे आणि अपघात कळवणे या गोष्टी त्यात होत्या. पण कायदा लागू होण्यासाठी कारखान्यात किमान 100 कामगार हवेत आणि तो वर्षातून किमान चार महिने चालायला हवा, अशी अट होती. कापसाचा हंगाम तो केवढा! चार महिने न भरणारे जिन या व्याख्येबाहेरच राहिले. 1891 मध्ये कामगारांची संख्या 50 वर आली, तरी हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते 1911 मध्ये. म्हणजे तीस वर्षे अशा जिनात हात गमावलेल्या माणसाची नोंद करण्याचे कायदेशीर बंधन या कायद्याने कोणावरही नव्हते.

खबर दिली तरी जखमीच्या पदरात काय पडणार, हा दुसरा प्रश्न. तो 1884 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडला. गिरणी कामगारांच्या सुमारे 5,500 सह्यांच्या निवेदनात रविवारच्या सुटीबरोबर एक मागणी अशी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी. यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, 1923 मध्ये, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगारावरून बरेचसे उतरवले. मात्र अपघात कामावर असताना, कामामुळे घडला हे दाखवावेच लागे. त्यासाठी वेळेवर केलेली नोंद हाच पुरावा.

1948 च्या कारखाने कायद्याने मृत्यूची, तसेच 48 तास किंवा अधिक काळ काम करता येणार नाही अशा इजेची सूचना देणे बंधनकारक केले. दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी सांगितली. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस पिंजणारे यंत्र चालू असलेल्या भागात स्त्रिया व मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. यंत्राची कापूस भरण्याची बाजू छतापर्यंतच्या भिंतीने वेगळी केली असेल, तरच तेथे सूट. या कायद्याखालील नियमांत जिनासाठी खास कलम आले : जमिनीखालच्या शाफ्टभोवती सलग भिंत किंवा चढता न येणारे कुंपण हवे, सरकी काढणे, सफाई आणि तेल घालणे यांसाठी लागतील तेवढीच दारे हवीत आणि ती कुलूपबंद हवीत. 2020 मध्ये संसदेने असे अनेक कायदे एका संहितेत एकत्र केले.

एवढा बारीक नियम खुर्चीत बसून सुचत नाही. एका जिनातील अपघात म्हणजे दुर्दैव वाटते. दहा जिनांतील नोंदी शेजारी ठेवल्या की कारण दिसते आणि कारण दिसले की त्यावर कुलूप घालता येते. विज्ञानात आपण हेच करतो. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतही एक वही ठेवावी. फुटलेली परीक्षानळी, भाजलेले बोट, थोडक्यात टळलेला अपघात, सारे तारखेसह त्यात लिहावे. मात्र ती वही शिक्षेसाठी वापरू नये. शिक्षेची भीती असेल तेथे पहिल्यांदा नोंद नाहीशी होते, अपघात नव्हे.