मूठभर धान्याच्या शाळा

सातारा जिल्ह्यात एक काळ असा होता की दळण घालण्याआधी घरची बाई मूठभर धान्य बाजूला काढायची. महिन्याकाठी ते गोळा व्हायचे आणि शिकणाऱ्या पोरांच्या पोटी जायचे. रोख पैसा ज्या घरात दिवाळीलाही दिसत नसे, त्या घराची शाळेला दिलेली वर्गणी ती ही.

खरे तर रयत त्याआधीपासूनच शाळेसाठी पैसे मोजत होती. मुंबई इलाख्यात 1860 च्या दशकापासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखलेला असे. शाळा मात्र मोठ्या गावांत निघत. सरकारची तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हे जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे रोखठोक मांडले. वाडीवस्तीवर शाळा भरलीच, तर ती मारुतीच्या देवळात, चावडीत किंवा धर्मशाळेत. पोरे वाढली की ओसरीवर बसायची, पावसाळ्यात घरी थांबायची.

1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निघाले. त्या मुलांना जेवू घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. पण एका घराच्या त्यागावर जिल्हाभर शाळा चालत नाहीत, आणि भाऊरावांची थोरवी इथेच दिसते. त्यांनी मूठभर धान्य देण्याची ही सवय गावोगाव लावली. 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले, म्हणजे खेड्यात जाऊन राहील असा मास्तर हाताशी आला. पुढे 1937 नंतर मुंबईच्या काँग्रेस सरकारने व्हॉलंटरी शाळांना अनुदान देण्याचे धोरण घेतले. गावाने जागा द्यायची, संस्थेने मास्तर द्यायचा, सरकारने अनुदान द्यायचे. अशा 578 शाळा रयतने चालवल्या. कित्येक गावांनी पहिली पाटी याच शाळांत पाहिली.

1948 मध्ये सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. गांधीजींच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी नुकताच केलेला, आणि शिक्षकांच्या पगाराचीच पंचाईत झाली. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला, अनुदान पुन्हा सुरू झाले. मधला काळ लोकांच्या धान्यावर आणि मदतीवर निभावला. लोकवर्गणीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका प्रसंगात कळतात. गाव शाळा जगवू शकते. मास्तरांचा पगार वर्षानुवर्षे ओढणे त्याच्या आवाक्यातले नाही.

जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. तरी खोली वाढवायची, कुंपण घालायचे म्हटले की वर्गणी निघतेच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीची शाळा पडक्या दोन खोल्यांची होती. 2012 नंतर शिक्षक आणि ग्रामस्थ एकत्र आले, लोकांनी स्वतःची जमीन शाळेला दिली, पैसा उभा केला, पुढे कंपन्यांची मदतही आली आणि सौरऊर्जेवर चालणारे नवे वर्ग उभे राहिले. ती शाळा बघायला लांबून लोक येऊ लागले. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्यानेही अशाच लोकसहभागातून आपली शाळा डिजिटल केली. तो तर आदिवासी पाडा. तिथल्या शंभर रुपयांचे मोल शहरातल्या हजारांहून जास्त आहे.

म्हणूनच अशा गावांचे कौतुक करताना सरकारी यंत्रणेने हात झटकणे संतापजनक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली बंधनकारक केली आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. तुमच्या गावात शाळेसाठी वर्गणी निघाली तर जरूर द्या, जमाखर्च ग्रामसभेत वाचून घ्या, आणि नव्या खोलीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेत कुठे अडला आहे, हे त्याच सभेत विचारा.