अमेरिकेतील क्रीडा सट्टा : न्यू जर्सीचा कायदा आणि कर नेमका कसा चालतो?

क्रिकेट असो वा फुटबॉल, सामन्यावर पैसे लावणारे सगळीकडे असतात. प्रश्न एवढाच, की हा पैसा चोरून फिरणार की सरकारच्या नजरेखाली? अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने दुसरा मार्ग निवडला आणि त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला.

वाद कशावरून झाला?

अमेरिकी संसदेने १९९२ मध्ये कायदा करून राज्यांना क्रीडा सट्ट्याला परवानगी देण्यास मनाई केली. नेवाडासारख्या मोजक्या राज्यांना सूट मिळाली. अटलांटिक सिटीतील कॅसिनोंसाठी न्यू जर्सीलाही एक वर्षाची मुदत होती, पण राज्याने ती वापरली नाही.

पुढे २०११ मध्ये तेथील मतदारांनी सट्ट्याच्या बाजूने कौल दिला आणि २०१२ मध्ये कायदा झाला. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची संघटना आणि मोठ्या व्यावसायिक लीग त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयांत राज्य हरत राहिले. अखेर १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा कायदा रद्द केला. राज्याने कोणता कायदा करावा किंवा करू नये, याचा हुकूम संसद देऊ शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. म्हणजे न्यायालयाने सट्ट्याला चांगले म्हटले नाही. निर्णय राज्यांवर सोपवला.

नवे नियम काय आहेत?

गव्हर्नर फिल मर्फी यांनी ११ जून २०१८ रोजी नव्या कायद्यावर सही केली. तीनच दिवसांनी मॉनमथ पार्क रेसकोर्सवर आणि अटलांटिक सिटीतील बोर्गाटा कॅसिनोत सट्टा सुरू झाला.

• परवाना फक्त कॅसिनो आणि रेसकोर्स यांनाच मिळतो. ऑनलाइन सट्टाही त्यांच्याच परवान्याखाली चालतो.
• पैसे लावणाऱ्याचे वय किमान २१ वर्षे हवे.
• शालेय सामन्यांवर सट्टा लावता येत नाही.
• न्यू जर्सीतील महाविद्यालयीन संघांच्या सामन्यांवरही बंदी आहे. ती उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२१ मध्ये फेटाळला.

कर कशावर लागतो?

लावलेल्या रकमेवर नव्हे, तर जिंकणाऱ्यांना पैसे दिल्यावर उरलेल्या रकमेवर. समजा लोकांनी १०० डॉलर लावले आणि ९३ डॉलर विजेत्यांना गेले. उरलेल्या ७ डॉलरवर राज्याचा कर बसतो. प्रत्यक्ष काउंटरवरच्या सट्ट्याला ८.५ टक्के दर आहे, म्हणजे या उदाहरणात सुमारे ६० सेंट. ऑनलाइन सट्ट्याचा दर कॅसिनोंसाठी आधी १३ टक्के होता; जुलै २०२५ पासून तो १९.७५ टक्के झाला.

प्रत्येक राज्याचे गणित वेगळे आहे. नेवाडात दर ६.७५ टक्के, तर न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन सट्ट्यावर तब्बल ५१ टक्के. दर फार चढवला तर ग्राहक पुन्हा बेकायदा बुकीकडे वळेल, ही भीती. फार कमी ठेवला तर तिजोरीत काय पडणार, हा प्रश्न.

खरी अडचण कुठे?

हा कर हरणाऱ्यांच्या खिशातून येतो. लोक जितके जास्त हरतील, तितका राज्याचा महसूल वाढतो. व्यसनापासून लोकांना वाचवण्याची जबाबदारीही त्याच राज्यावर आहे. म्हणून स्वतःचे नाव सट्ट्यातून कायम किंवा ठरावीक काळासाठी वगळण्याची सोय आणि मदतीची हेल्पलाइन तेथे उपलब्ध आहे. कायद्यामुळे सट्टा उजेडात आला, हिशेबात आला. पण हरणाऱ्याचे नुकसान त्याने कमी होत नाही.